पुण्यात लहान मुलांना घेऊन शिफ्ट होताय? फ्लॅटच्या आधी एरिया कसा ठरवायचा

आम्ही नाशिकहून पुण्यात आलो तेव्हा मुलगी साडेचार वर्षांची होती आणि मुलगा दीड वर्षाचा. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडी फेज 3 ला, माझं कल्याणीनगरला, आणि घर बघायला हातात एकच रविवार. ब्रोकरनी सकाळी 11 ला हिंजवडीजवळच्या माणच्या बाजूला एक टू बीएचके दाखवला, नवी बिल्डिंग, गॅलरीतून डोंगर, खाली घसरगुंडी-झोके, रस्ता मोकळा, भाडं बजेटमधे, लगेच टोकन देऊन टाकलं. मग जुलैत एका दुपारी 3:40 ला डे-केअरमधून फोन आला, बाळाला 102 ताप आहे, लवकर या. नवरा त्या दिवशी कामासाठी मुंबईला. मी कल्याणीनगरहून निघाले, बाहेर धो धो पाऊस, विद्यापीठ चौकात गाड्या हलेनात, वाकडला पोचेपर्यंत पाच वाजून गेलेले. डे-केअरला पोचले तेव्हा 5:35 झाले होते आणि बाळ तिथल्या मावशींच्या खांद्यावर झोपलेलं, कपाळावर ओला रुमाल, आणि मावशी उभ्याच, कारण खाली बसलं की तो रडायचा म्हणून त्या इतका वेळ बसल्याच नव्हत्या.

ताप दोन दिवसांत उतरला. पण 11 महिन्यांचं ॲग्रीमेंट संपल्या संपल्या आम्ही एरिया बदलला, आणि दुसऱ्या वेळी जे जे बघितलं, आणि त्यानंतर ऑफिसमधे नव्याने येणाऱ्या प्रत्येक आईबापाला जे सांगत आले, ते सगळं इथे लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते, पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. बुकिंगची घाई करू नका, ऑफर कितीही चांगली असली तरी. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्याशिवाय पुण्यातला कुठलाच एरिया कळत नाही.

पहिला प्रश्न: फोन आला तर 20-25 मिनिटांत कोण पोचणार?

फ्लॅटचे फोटो बघायच्या आधी नवरा-बायकोनी बसून हा प्रश्न सोडवा. शाळेतून किंवा डे-केअरमधून फोन आला, पडलाय, ताप आलाय, उलटी झालीये, तर वर्किंग डेला दुपारी 20-25 मिनिटांत मुलापाशी कोण जाऊ शकतं? दोघांपैकी एक जण पोचत असेल तर एरिया चालेल, कोणीच पोचत नसेल तर तो एरिया यादीतून काढा. आजी-आजोबा सोबत असतील तर गोष्ट वेगळी, पण त्यांनाही एकट्याने रिक्षा करून डॉक्टरकडे जाता येईल का ते बघा.

पुण्यात हे इतकं महत्त्वाचं का, तर इथे ऑफिसं शहराच्या टोकांना आहेत. हिंजवडी पश्चिमेला, खराडी-मगरपट्टा पूर्वेला, चाकण-तळवडे उत्तरेला. दोघांची ऑफिसं दोन टोकांना असली की लोक मधला एरिया शोधतात, औंध, शिवाजीनगर वगैरे. ऐकायला बरोबर वाटतं पण होतं काय की दोघंही घरापासून लांब पडतात, आणि मुलाजवळ दिवसभर कोणीच नसतं. माझं स्पष्ट मत आहे की मुलाला आणणं-सोडणं ज्याच्याकडे असणार आहे, किंवा ज्याला घरून काम जास्त दिवस मिळतं, त्याच्या ऑफिसच्या जवळ घर घ्या आणि दुसऱ्यानी लांबचा प्रवास घ्यावा. आम्ही दुसऱ्या वेळी विमाननगरच्या बाजूला आलो, नवरा हिंजवडीला जातो, त्याचे हाल होतात हे खरंय, पण त्याला आठवड्यातून दोनच दिवस जावं लागतं आणि मी डे-केअरपासून 12 मिनिटांवर आहे.

मेट्रोचं गणितही इथेच मांडा. वनाज ते रामवाडी एक लाइन आहे, पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट दुसरी, आणि दोन्ही सिव्हिल कोर्टला भेटतात. कोथरूडला राहून कल्याणीनगरला ऑफिस असेल तर ही खरंच मोठी सोय आहे, पाऊस असो की गणपती, वेळ ठरलेली. रामवाडीच्या पुढे खराडीला मात्र रिक्षा किंवा बसच. हिंजवडीसाठी या दोन लाइनींचा थेट उपयोग नाही, तिकडची माण-शिवाजीनगर लाइन वेगळी आहे, आणि ब्रोकर "मेट्रो होतीये, मग 20 मिनिटांत" असं म्हणाला तर आज काय चालू आहे तेवढंच धरा.

मग दोन एरिया निवडा, जास्त नको

हिंजवडीवाल्यांसाठी वाकड, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख, बाणेर-बालेवाडी, आणि जरा कमी भाड्यात रावेत-पुनावळे. पिंपळे सौदागरला लहान मुलांची घरं इतकी आहेत की संध्याकाळी प्रत्येक सोसायटीखाली पोरांचा घोळका असतो, शाळा, मुलांचे डॉक्टर, क्लास सगळं हाताशी. बाणेर-बालेवाडी महाग. खुद्द हिंजवडी, माण, मारुंजी या बाजूला आमचं घर होतं, तिथे ऑफिस जवळ, हे खरं, पण तो भाग ग्रामपंचायतीचा, पाणी-रस्ते-कचरा या सगळ्याला सोसायटीलाच धावावं लागतं.

खराडी-विमाननगरवाल्यांनी वडगाव शेरी आवर्जून बघावं, विमाननगरपेक्षा भाडं कमी आणि अंतर तेवढंच. वाघोलीत त्याच पैशात मोठा फ्लॅट मिळतो म्हणून लोक जातात, पण नगर रोडचं ट्रॅफिक स्वतः संध्याकाळी सात वाजता अनुभवल्याशिवाय हो म्हणू नका. आणि लोहगाव-विमाननगर पट्ट्यात विमानतळ हवाई दलाचा आहे, लढाऊ विमानं उडतात, बाळ दचकून उठतं. आमच्या धाकट्याला महिनाभर लागला सवय व्हायला.

मगरपट्टा-हडपसरसाठी अमनोरा, वानवडी, एनआयबीएम, उंड्री. चाकण-भोसरी-तळवड्यासाठी मोशी, चिखली आणि निगडी प्राधिकरण. प्राधिकरण मला स्वतःला फार आवडतं, 1972 पासून आखून वसवलेलं, सेक्टर, रुंद रस्ते, फुटपाथ, दर थोड्या अंतरावर बाग, बाबागाडी घेऊन चालता येतं असे एरिया पुण्यात कमी आहेत. मोशीत घर बघत असाल तर कचरा डेपो किती लांब आणि वारा कुठल्या बाजूचा ते विचारा.

ऑफिस शहरात असेल किंवा घरूनच काम असेल तर कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे, सहकारनगर. जुन्या बिल्डिंगा, लिफ्ट कधी आहे कधी नाही, पार्किंगची मारामारी, स्विमिंग पूल वगैरे विसरा. पण वाणी, दवाखाना, शाळा, वाचनालय, टेकडी सगळं पायी, आणि चार वर्षांच्या मुलाला हात धरून रोज भाजी आणायला नेता येणं ही मोठी गोष्ट आहे. सेमी-इंग्लिश किंवा मराठी शाळा हवी असेल तर जुन्या शहराच्या बाजूला जितके पर्याय आहेत तितके नव्या पट्ट्यांत नाहीत. मुलं जरा मोठी झाली की सारसबागेजवळचं बालभवन आहेच.

शाळा आणि डे-केअर आधी, फ्लॅट नंतर

इथे बहुतेक लोक उलटं करतात, आम्हीही केलं होतं. आधी फ्लॅट, मग जवळची शाळा शोधायची, मग कळतं जवळच्या शाळेत सीटच नाही आणि मूल व्हॅनमधे रोज दीड तास. नर्सरी-केजीचे फॉर्म बऱ्याच शाळांचे आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून निघतात. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमधे सुरू होतात, स्टेट बोर्डाच्या जूनमधे, त्यामुळे मे महिन्यात शिफ्ट होणार असाल तर सीबीएसईचे दीड महिने आधीच गेलेले असतात. वयाचं पण बघा, महाराष्ट्रात 31 डिसेंबर ही तारीख धरतात, पहिलीला त्या तारखेला 6 वर्षं पूर्ण आणि नर्सरीला 3 पूर्ण. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्यांचं इथे एखादं वर्ष पुढेमागे होतं.

शाळेला यूडायस नंबर (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) आहे का ते विचाराच, नव्या एरियातल्या काही शाळा मान्यता यायच्या आधीच ॲडमिशन घेतात. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर घरापासून 1 किलोमीटरच्या आतल्या शाळेला आधी प्राधान्य असतं, म्हणजे घर कुठल्या गल्लीत आहे यावर शाळा ठरते, आणि भाडेकरूंना रजिस्टर केलेलं ॲग्रीमेंट लागतं, नोटरीवालं चालत नाही.

डे-केअर बघायला फोन न करता जा, दुपारी दोन-अडीचला, मुलं झोपायच्या वेळी. तेव्हा खरं कळतं. एका ठिकाणी गेले तर 14 मुलं आणि एकच ताई, टीव्ही चालू. दुसऱ्या ठिकाणी खोलीत अंधार, पंखा, प्रत्येकाची गादी वेगळी, प्रत्येकाच्या डब्यावर नाव, आणि एक मावशी दारातच बसून एका छोटीला थोपटत होती, मला बोटानीच "हळू" म्हणाली. तिथेच नाव घातलं. आणि व्हॅनवाल्या काकांना विचारा की पहिलं मूल किती वाजता घेता आणि आमचा नंबर कितवा, कारण शाळा तीन किलोमीटरवर असूनही पहिला नंबर लागला की पोर पाऊण तास गाडीत फिरतं.

एरियात तीन वेळा जा

रविवारी 11 ला पुणं खोटं दिसतं. वर्किंग डेला सकाळी 7:45 ला सोसायटीच्या गेटवर उभे राहा, किती स्कूल बस येतात, कुठल्या शाळांच्या, बस गेटच्या आत येते की मुलांना मेन रोडला उभं करतात. दुसऱ्यांदा संध्याकाळी साडेसहाला, आणि तेव्हा ऑफिसपासून घरापर्यंत स्वतः गाडी चालवून या, मॅपवर विश्वास नको. वाकडच्या भूमकर चौकात किंवा विद्यापीठ चौकात ज्यानी संध्याकाळ काढलीये त्याला हे सांगायला नको. तिसऱ्यांदा रात्री साडेनऊला, दिवे आहेत का, कुत्र्यांच्या टोळ्या किती, शेजारी लॉनवर लग्नाचा डीजे आहे का, तळमजल्याला बार आहे का.

गाडी लावा आणि मुलाला घेऊन शाळेपर्यंत किंवा बागेपर्यंत पायी चाला. एकदा तरी. फुटपाथ अचानक संपतो, त्यावर गाड्या लावलेल्या असतात, राँग साइडनी टू-व्हीलर येतात, आणि कुठे हायवे क्रॉस करावा लागतो. नऱ्हे-आंबेगावला भाडी कमी आहेत पण कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे, नोव्हेंबर 2022 मधे एकाच अपघातात 40 पेक्षा जास्त गाड्या सापडल्या होत्या. मुलाची बस रोज तिथून जाणार का हे बघूनच ठरवा.

पाणी. यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा

पुण्याला चार धरणं आहेत, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, आणि पिंपरी-चिंचवडला पवना. म्हणून बाहेरच्या माणसाला वाटतं इथे पाण्याचा काय प्रॉब्लेम. पण पिंपरी-चिंचवडमधे 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे, आणि पुणे मनपात 2017 ला 11 गावं आणि 2021 ला 23 गावं आली, त्यात बऱ्याच ठिकाणी पाइपलाइन अजून पुरती पोचली नाहीये. म्हणजे "मनपा हद्दीत" हा शब्द ऐकून समाधान मानू नका. विचारा, मनपाचं कनेक्शन आहे का, दिवसाला किती वेळ येतं, बोअर किती, आणि टँकर किती.

सेक्रेटरी काय सांगतील त्यापेक्षा वॉचमन काकांना विचारा. मी दुसरं घर बघताना एका सोसायटीत विचारलं, काका, टँकर किती येतात हो? ते म्हणाले, आत्ता दोन येतात ताई, एप्रिल-मेमधे सहा-सात होतात, रात्री बारानंतर पण येतात. फेब्रुवारी होता तो. ते घर आम्ही सोडलं. टँकरचा खर्च मेंटेनन्समधे धरलाय की वेगळा काढतात ते पण विचारा, उन्हाळ्यात बजेट हलतं.

बाथरूममधे जाऊन नळाची जाळी बघा. माणच्या घरी नळाच्या तोंडाला पांढरा खडबडीत थर बसायचा, नखानी खरवडला तर पापुद्रा निघायचा, बादलीच्या कडेला खडूसारखी रेघ, आणि मुलीच्या कोपराच्या आतल्या बाजूला लाल चट्टे. डॉक्टरांनी औषध दिलं आणि विचारलं, बोअरचं पाणी आहे का. क्षाराचं पाणी असेल तर लहान मुलांची कातडी कोरडी पडते, साबणाला फेस येत नाही, गीझर लवकर जातो.

आणि पिण्याचं पाणी कुठून येतं हे नीट समजून घ्या. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, त्या बाजूला जीबीएसचे (गिलान-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट एकदम वाढले होते आणि संशय पाण्यावरच गेला होता. घाबरून तो सगळा भाग टाळा असं मी म्हणत नाही, चांगली वस्ती आहे, पण सोसायटी टाक्या कधी धुते, क्लोरीन टाकते का, पाण्याची टेस्ट शेवटची कधी केली, हे विचारायला लाजू नका. आणि पिण्याचं पाणी उकळूनच द्या मुलांना.

नदी, ओढा, डास

पावसाळ्यात भिडे पूल पाण्याखाली गेला की पुणेकर बघायला जातात, पण घर नदीकाठी असेल तर ती मजा नसते. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत घराघरात पाणी शिरलं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि कात्रजपासून अरण्येश्वर, सहकारनगरच्या बाजूपर्यंत लोकांच्या भिंती, गाड्या, माणसं गेली. ओढा एरवी बघाल तर गटारासारखा वाटतो, म्हणूनच कळत नाही. म्हणून बिल्डिंगच्या मागे काय आहे ते स्वतः जाऊन बघा. नदीच्या पूररेषा दोन असतात, निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची, घर यांच्या आत येतं का ते सोसायटीला विचारा, आणि नंतर घर विकत घेताना तर कागदावरच बघा. खालच्या दुकानदाराला, इस्त्रीवाल्या दादांना विचारा पार्किंगमधे पाणी येतं का, ते खरं सांगतात.

नदीकाठाचा दुसरा त्रास जलपर्णी आणि डास. फेब्रुवारी 2024 मधे केशवनगर-खराडीच्या बाजूला नदीवर डासांचे वावटळीसारखे खांब उठलेले सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलेत. घरात तान्हं असेल तर खिडक्यांना जाळ्या आहेत का, नसतील तर मालक बसवून देणार का, टोकनच्या आधी ठरवा. आणि नदीपात्राजवळ गणपतीच्या आधी महिना-दीड महिना संध्याकाळी ढोल-ताशा पथकांची प्रॅक्टिस असते, आपल्याला कितीही आवडलं तरी चार महिन्यांच्या बाळाला ते झेपत नाही.

डॉक्टर

मुलांचे डॉक्टर पायी 10 मिनिटांत हवेत आणि रात्री उघडं असणारं, मुलांचं आयसीयू असलेलं हॉस्पिटल अर्ध्या तासात. बोर्डवर लिहिलेलं असतं पण फोन करून विचारा, रात्री मुलांचे डॉक्टर तिथे असतात की बोलवावे लागतात. बास, एवढंच.

सोसायटी आणि फ्लॅट

आता फ्लॅट. गॅलरीला ग्रिल आहे का, नसेल तर लावायला सोसायटी परवानगी देते का, बऱ्याच नव्या सोसायट्या बाहेरून दिसतं म्हणून देत नाहीत, तिथे लहान मुलं घेऊन जाऊ नका, मजला कितवाही असो. लाइट गेल्यावर बॅकअपवर लिफ्ट चालते का. मुलं खेळतात तिथून गाड्या जातात का. संध्याकाळी सहाला खाली जाऊन तुमच्या मुलाच्या वयाची पोरं किती ते मोजा, क्लब हाउसपेक्षा मला हे जास्त वाटतं. माझ्या मुलीला जुन्या सोसायटीत तिच्या वयाचं कोणीच नव्हतं, ती गॅलरीत उभी राहून खालच्या रस्त्यावरच्या डंपर मोजायची. इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी एक मुलगी दार वाजवून म्हणाली, काकू, हिला खाली पाठवता का.

ॲग्रीमेंट

लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, रजिस्टरच करा, घरी येऊन अंगठा-फोटो घेऊन ऑनलाइन होतं, स्टँप ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का आणि शहरात रजिस्ट्रेशन 1000 रुपये. डिपॉझिट साधारण दोन-तीन महिन्यांचं मागतात, ब्रोकर एका महिन्याचं भाडं घेतो. लॉक-इन, म्हणजे किती महिने घर सोडता येणार नाही ती अट, नीट वाचा. आम्ही पहिल्या घरात 11 महिने पूर्ण काढले ते लॉक-इनमुळेच, नाहीतर ऑगस्टमधेच निघालो असतो. शक्यतो सहा महिन्यांपेक्षा जास्त लॉक-इन घेऊ नका आणि नोटीस एका महिन्याची ठेवा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम आहे, त्याची कॉपी मागून घ्या.

शिफ्टिंगचा आठवडा

मुलांना सामानाबरोबर आणू नका, एक दिवस आजीकडे ठेवा आणि त्यांचे अंथरूण-खेळणी आधी लावून घ्या. लसीचं कार्ड, जन्मदाखला, शाळेचा दाखला टेम्पोत टाकू नका, स्वतःच्या पर्समधे. पुढची लस ड्यू असेल तर मनपाच्या दवाखान्यात मोफत मिळते, जवळचा कुठला ते आल्या आल्या बघून ठेवा. डे-केअरचा पहिला दिवस आणि ऑफिसचा पहिला दिवस एकच ठेवू नका, मधे निदान चार दिवस हवेत. आणि शिफ्टिंग गुरुवारी नको, पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की ते बहुतेक गुरुवारीच, शुक्रवारी सकाळी पण कमी दाबाने येतं, लाइटची कामंही बऱ्याचदा त्याच दिवशी काढतात. शनिवारी सकाळी लवकर या, आल्या आल्या आधी दोन पिंप भरून ठेवा, मग खोकी उघडा.